लामाजींना चढवलेली वर्दी

रायपुरात कुठलाही सिनेमावाला उतरला आणि त्याला माणसांची गर्दी हवी झाली, की त्याचा पहिला फोन श्यामकांतराव खिरवडकरांना जायचा. वरात हवी तर वरात, मोर्चा हवा तर मोर्चा. प्रेतामागून चालणारी पन्नास माणसं हवीत आणि त्यातली दहा तरी खरोखर रडणारी हवीत, असं कुणी म्हटलं तर तीही सकाळी आठच्या ठोक्याला हजर. वीज मंडळाच्या कचेरीत जन्म काढलेला हा कारकून निवृत्त झाल्यावर घरी बसून पेपर वाचेल, असं तात्यापारा मोहल्ल्यातल्या सगळ्यांना वाटलं होतं. पण मराठी मंडळाच्या नाटकांत वर्षानुवर्षं दाढ्या आणि तलवारी सांभाळलेल्या माणसाला पेपर किती पुरणार? एकदा कुणीतरी छत्तीसगढी सिनेमासाठी वीस म्हातारे मागितले, यांनी पंचवीस नेऊन उभे केले, आणि तेव्हापासून ते जे सुटले ते सुटलेच. पासष्टी उलटली तरी स्कूटरवर शहराबाहेरच्या नवा रायपुरपर्यंत जाणार, आणि गळ्यात शूटिंगचं पट्टीचं ओळखपत्र असलं की ते शर्टाच्या आत म्हणून जाऊ देणार नाहीत.

कारकुनी मात्र अंगातून गेली नव्हती. फोनमध्ये सगळ्या माणसांचे फोटो त्यांनी कप्पे पाडून ठेवले होते. ‘सासवा’, ‘पुजारी’, ‘हवालदार’, ‘मुनीम’. आणि एक मोठा कप्पा ‘विदेशी’. नवा रायपुरच्या एका खासगी कॉलेजात शिकायला आलेले आफ्रिकेतले विद्यार्थी त्यात ‘ड्रगवाले’ या नावाखाली होते. त्यातला एक सुदानचा पोट्टा फार्मसी शिकत होता, कुणी मोठ्याने बोललं तरी दचकायचा, आणि त्याने तीन सिनेमांत पांढऱ्या पावडरीची बॅग पोचवली होती. शाली विकायला येणारा उंच काश्मिरी ‘आतंकवादी’मध्ये. ब्युटी पार्लर चालवणारी एक घाऱ्या डोळ्यांची सिंधी बाई ‘रशियन’मध्ये. आपण यात काही वावगं करतो आहोत असं श्यामकांतरावांच्या मनाला कधी शिवलंही नाही. त्यांना सिनेमात जसं दिसतं तसंच ते पुरवत होते. उलट मंडळात कोजागिरीला मित्रांना हा फोन फिरवून दाखवताना त्यांची छाती फुगायची.

तर त्या वर्षीच्या जानेवारीत भार्गव नावाचा दिग्दर्शक आला. मूळचा रायपुरचाच, मुंबईला जाऊन नाव काढलेला. सरहद्दीवरचा मारधाडीचा सिनेमा होता. बर्फ वगैरे दुसरीकडे चित्रित करून झालं होतं. शत्रूचं मुख्यालय तेवढं नवा रायपुरातल्या एका रिकाम्या इमारतीत उभं केलं होतं, आणि रुंद रस्त्यांवरून ट्रकांचा ताफा पळवायचा होता.

“अंकल, इस बार चाइना है,” भार्गव म्हणाला. “पाकिस्तान बहुत हो गया. पब्लिक को अब नया दुश्मन चाहिए. और ऊपरवाले भी खुश रहते हैं.”

वरचे म्हणजे नेमके कोण ते श्यामकांतरावांनी विचारलं नाही. शत्रूचाही हंगाम असतो, यंदा हा चालतो, पुढच्या साली तो, एवढं त्यांना चांगलं ठाऊक होतं. शिपायांसाठी ईशान्येकडची कॉलेजची पोरं त्यांनी दोन दिवसांत जमवली. अडलं ते जनरलपाशी. भार्गवला म्हातारा चेहरा हवा होता, सुरकुत्यांनी भरलेला, डोळे बारीक, आणि कॅमेऱ्यात जवळून बघितला तर मागे न हटणारा. मुंबईहून बोलावलेला नट ऐन वेळी आलाच नाही. “अंकल, कल तक जनरल चाहिए, नहीं तो शेड्यूल गया,” असं भार्गवने चाळीस माणसांसमोर सांगितलं. श्यामकांतरावांनीही चाळीस माणसांसमोरच छातीवर हात ठेवून सांगितलं, “मिल जाएगा.”

हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर लामाजी होते.

लामाजी म्हणजे स्वेटरवाले. दर हिवाळ्यात मैनपाटच्या तिबेटी निर्वासितांच्या वस्तीतली पंधरा-वीस कुटुंबं रायपुरात येतात, मैदानात कनाती ठोकून गरम कपड्यांचा बाजार मांडतात आणि थंडी सरली की परत जातात. लामाजी या बाजाराचे प्रधान. माल लुधियानाहून आणणं, कुणाची कनात कुठे लागायची ते ठरवणं, सकाळी सगळ्यांना जमवून धर्मगुरूंच्या फोटोपुढे प्रार्थना म्हणणं, हे सगळं त्यांच्याकडे. बत्तीस वर्षांपूर्वी हा बाजार पहिल्यांदा लागला तेव्हा या लोकांना कुणी विजेचं कनेक्शन देईना. कंदिलाच्या उजेडात स्वेटर विकत बसले होते. श्यामकांतराव बायकोसाठी शाल घ्यायला गेले, ते बघून त्यांना वाईट वाटलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी टेंपररी कनेक्शनचा कागद स्वतःच्या हाताने या टेबलावरून त्या टेबलावर हलवला. चहासुद्धा घेतला नाही कुणाचा. तेव्हापासून दर वर्षी बाजारातला पहिला दिवा लागला की लामाजी त्यांना बोलावून लोणी घातलेला खारट चहा पाजायचे. घरच्या प्रत्येकाच्या अंगावर लामाजींकडचंच स्वेटर असायचं. श्यामकांतरावांनी आयुष्यात जी दोन-चार निखळ चांगली कामं केली असतील, त्यातलं हे एक.

अशा माणसाकडे ते त्या दिवशी गेले आणि म्हणाले, “लामाजी, एक बुजुर्ग का रोल है. बैठना है, बस.”

“मुझे क्या आता है, श्यामभैया,” लामाजी हसले. पण दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, भांग पाडून, मैदानाच्या फाटकाशी उभे होते.

शूटिंगच्या जागी आधी कागद भरायचा होता. श्यामकांतरावांनी पेन उघडलं, ‘नाव’ या रकान्याशी आले आणि थांबले. बत्तीस वर्षं त्यांनी या माणसाला लामाजी म्हटलं होतं, कारण सगळं रायपूर म्हणायचं. “आपका पूरा नाम?” त्यांनी विचारलं. “लोब्सांग,” ते म्हणाले. “लामा तो मैं हूँ नहीं. लामा तो मठ में होते हैं. यहाँ सब बोलते हैं, तो बोलते हैं.” श्यामकांतराव हसले, पण कानाची पाळी जराशी गरम झालीच.

मग कपडेवाल्याने वर्दी आणून दिली. हिरवट कोट, खांद्यावर पट्ट्या, आणि तांबड्या चांदणीची टोपी.

लोब्सांगांनी कोट घातला. टोपी हातात घेतली आणि तशीच धरून उभे राहिले. मग श्यामकांतरावांच्या कोपराला हात लावून त्यांना खिडकीपाशी घेऊन गेले.

“श्यामभैया, ये तो वो लोग हैं.”

“कौन लोग?”

“मैं पाँच साल का था,” ते हळू आवाजात म्हणाले. “पिताजी को आँगन में खड़ा किया था. पिताजी का चेहरा मुझे याद नहीं है. टोपी याद है.”

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण श्यामकांतराव पुढे स्वतःशी अनेक सबबी सांगणार होते. त्यांना समजलं नाही असं नाही. पुरतं समजलं.  ते एवढंच म्हणू शकले असते, चला लामाजी, घरी जाऊ. स्कूटर बाहेरच होती. पण मागून भार्गवचा माणूस ओरडत होता, दिवे लागले होते, कालचा ‘मिल जाएगा’ त्या चाळीस जणांच्या कानांत ताजा होता. आणि श्यामकांतराव म्हणाले, “अरे लामाजी, एक्टिंग है ये. उल्टा दुनिया को पता चलेगा ना, वो लोग कितने खराब हैं.”

लोब्सांगांनी टोपी हातात उलटी फिरवली.

“मेरी इज्जत का सवाल है.”

लोब्सांग खिडकीतून बाहेर बघायला लागले. तेव्हा श्यामकांतरावांच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे नंतर त्यांना जेवताना, चालताना, देवापुढे बसल्यावर ऐकू येत राहिलं. “बत्तीस साल में मैंने आपसे कभी कुछ माँगा है?”

लोब्सांगांनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. पाहुण्याने घरातली एखादी वस्तू मागितली आणि नाही म्हणता येत नाही, तसं बघितलं. मग टोपी डोक्यावर ठेवली.

काम अर्ध्या दिवसात आटोपलं. खुर्चीत बसायचं, समोरच्या वाडग्यातलं काड्यांनी खायचं, मध्येच मान वर करून बघायचं. “अंकल, कमाल का फेस लाए हो!” म्हणत भार्गवने श्यामकांतरावांच्या पाठीवर थाप मारली. परतताना लोब्सांग स्कूटरवर मागे बसले होते. मैदानाशी उतरले, नमस्कार केला आणि चहाचं न विचारता आत गेले. श्यामकांतरावांनी मनाची समजूत घातली की म्हातारा दमला असेल.

दिवाळीच्या आधी सिनेमा लागला. मंडळातली दहा-बारा जोडपी घेऊन श्यामकांतराव मॉलमध्ये बघायला गेले. शेवटी नावांच्या यादीत आपलं नाव येणार, कुणी उठायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद होती.

सिनेमा सुरू झाला तसा त्यांना आवडायलाही लागला. नायक देशाबद्दल बोलला की थिएटर दणाणायचं आणि तेही टाळ्या वाजवायचे. मध्यंतरानंतर शत्रूचं मुख्यालय आलं. जनरलचा चेहरा पडदाभर पसरला. समोर भारतीय जवानाला टांगून फटके मारत होते आणि जनरल काड्यांनी काहीतरी खात होता. वाडग्यात काय आहे ते दाखवायला एक शॉट नंतर घातला होता. कुठल्यातरी लहान प्राण्याचे पाय होते. चेहरा लोब्सांगांचा, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी, चिरका, खिदळणारा. तो म्हणत होता की हिंदुस्थानी आया रडतील तेव्हा मला झोप लागेल. थिएटर पेटून उठलं. “मार चिंकी को!” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. मग आणखी चार जण ओरडले, आणखी घाण ओरडले. नायकाची लाथ जनरलच्या तोंडावर बसली तेव्हा शिट्ट्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. ती लाथ खाणारा दुसरा कुणी होता. चेहरा मात्र पुन्हा लोब्सांगांचाच दाखवला, जमिनीवर आडवा, डोळे मिटलेला. कुठल्या क्षणी तो टिपला होता कोण जाणे, बहुतेक दोन शॉट्सच्या मध्ये म्हातारा जरा टेकला होता तेव्हा.

पद्मजाबाईंनी अंधारात नवऱ्याचा हात धरला. “अहो, हे आपले लामाजी होय न?”

“हव.”

“त्याहिले माहीत होतं का, असं दाखवणार आहेत म्हणून?”

श्यामकांतरावांनी हात सोडवून घेतला आणि पडद्याकडे बघत राहिले. यादीत त्यांचं नाव आलं तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर मंडळातला श्रीपाद दाणी म्हणाला, “काय चिनी शोधून काढलास रे! अस्सल!” आणि श्यामकांतराव हसले. ते हसले, हे पद्मजाबाईंनी बघितलं, आणि घरी येईपर्यंत त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांनी भार्गवला फोन लावला. तो शॉट काढता येईल का, असं विचारलं. भार्गवला वाटलं अंकल गंमत करतात. “अंकल, वही तो हिट है. रील्स बन रही हैं उस पर!”

नोव्हेंबरात कनाती लागल्या. त्या वर्षी पहिल्या दिव्याच्या चहाला श्यामकांतराव गेले नाहीत. मैदानावरून जायला नको म्हणून भाजीला लांबच्या बाजारात जायला लागले. सर्दीचं निमित्त केलं, गुडघ्याचं केलं. शेवटी पद्मजाबाई एकट्याच गेल्या आणि संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परत आल्या.

“लामाजी समोर नाही बसत आता,” त्या म्हणाल्या. “मागं बसले आहेत, गठ्ठे बांधून राहिले. पोट्टे-पोट्टी येतात, फोन काढतात, म्हणतात जनरल, वो डायलॉग बोलो. मी पायलं न माझ्या डोळ्यांनी.”

श्यामकांतराव पलंगाच्या कडेला बसून राहिले.

“आणि प्रधान पण नाही राहिले ते. डोल्मानं सांगितलं मले, त्यांच्या सुनेनं. मैनपाटात सगळ्यांनी पायला तो सिनेमा. बैठक झाली. विचारलं त्याहिले, ती वर्दी तुम्ही काहून घातली म्हणून. तुमच्या बापाले मारलं त्या लोकांनी, आणि तुम्ही काहून घातली?”

“मग? काय म्हणले?”

“म्हणले, माझ्या मनानं घातली. हौस होती.” पद्मजाबाईंनी पिशवीची घडी घातली. “तुमचं नाव नाही घेतलं त्याहिनं. आता प्रार्थनेत पण मागं उभे राहतात म्हणे. आता सांगा मले, त्याहिले माहीत होतं का?”

तेव्हा श्यामकांतरावांनी बायकोला सगळं सांगितलं. खिडकीपाशी काय झालं ते, आणि आपण काय बोललो तेही, शब्दाला शब्द. सांगताना त्यांना तिच्याकडे बघवेना. पद्मजाबाई एवढंच म्हणाल्या, “जा. आणि समद्यांसमोर सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मैदानात गेले. बाजार अजून उघडायचा होता. मनात वाक्यं जुळवली होती. चूक माझी आहे, लोब्सांगजींची नाही, मी त्यांना फसवून नेलं, मी गळ घातली. लाज वाटेल, वाटू दे. चार शिव्या बसतील, बसू देत. एकदा बोलून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर शिव्या खाण्याची त्यांना घाईच झाली होती.

लोब्सांग कनातीच्या मागे गठ्ठ्यावर बसले होते. अंगाने उतरले होते. श्यामकांतरावांना बघून उठायला लागले, तसा यांनी त्यांचा हात धरला.

“लोब्सांगजी, मैं सबको बताने आया हूँ.”

“क्या?”

“कि मैंने कराया. आपका कोई दोष नहीं.”

लोब्सांगांनी त्यांना आपल्या शेजारी गठ्ठ्यावर बसवलं. बाहेर कुणीतरी कनातीचे दोर सोडत होतं.

“नहीं बताना,” ते म्हणाले.

“क्यों? आपको वापस प्रधान...”

“प्रधान का क्या है. मैं बूढ़ा हो गया. कोई तो बनता.” त्यांनी जरा दम घेतला. “श्यामभैया, ये लोग यहाँ तीन महीना रहते हैं. औरतें हैं, बच्चे हैं. कोई आकर कुछ भी बोल जाता है. सिनेमा के बाद ज्यादा बोलते हैं. मैंने बत्तीस साल इनको यही बताया कि रायपुर में डरना नहीं, एक आदमी अपना है. आज आप जाकर बोलोगे कि उसी ने किया, तो ये लोग किसके भरोसे सोएँगे?”

श्यामकांतराव गठ्ठ्याचा सुटलेला दोर बोटाला गुंडाळत राहिले.

“मेरे लिए बोलना चाहते हो कि अपने लिए?” लोब्सांगांनी विचारलं. टोचून विचारलं नाही, खरंच विचारलं.

श्यामकांतरावांना उत्तर माहीत होतं, आणि ते इतकं हलकं होतं की सांगण्यासारखं नव्हतं. ते नुसतेच खाली मातीकडे बघत बसले. सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं. ती बाहीही लोब्सांगांकडच्याच स्वेटरची होती.

तेवढ्यात डोल्मा आत डोकावली. पाहुणा बघून तिचा चेहरा खुलला आणि ती तशीच बाहेर धावली. पाच मिनिटांत प्रार्थनेसाठी जमलेली सगळी माणसं कनातीच्या तोंडाशी आली. पुढे नवा प्रधान होता, कर्मा, पस्तिशीचा असेल. नवा प्रधान झाला की बाजाराच्या हितचिंतकाला आधी वंदन करायचं अशी त्यांची रीत होती, आणि हितचिंतक पंधरा दिवस फिरकलाच नव्हता. कर्माच्या दोन्ही तळहातांवर पांढरं रेशमी वस्त्र पसरलेलं होतं.

श्यामकांतरावांनी लोब्सांगांकडे बघितलं. लोब्सांगांनी डोळ्यांनीच खुणावलं, उठा.

ते उठले. कर्मा उंचीने कमी होता, त्यामुळे त्यांना वाकावं लागलं. वस्त्र गळ्यात पडलं. कर्मा मागे वळला आणि यंदा पहिल्यांदाच रायपुरला आलेल्या लहान मुलांना त्याने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मग पाहुण्यालाही कळावं म्हणून हिंदीत सांगितलं, “ये श्यामजी हैं. यहाँ कोई तंग करे तो इनका नाम लेना. ये अपने आदमी हैं.”

सगळ्यांनी हात जोडले. सर्वांच्या मागे, गठ्ठ्यांना टेकून उभे राहिलेले लोब्सांगही हात जोडून उभे होते. श्यामकांतरावांची कानशिलं लाजेने जळत होती. त्यांनी हात जोडले, आणि मुलं त्यांच्याकडे बघून हसली तेव्हा तेही हसले.